द्रावणाची मर्यादा

"विद्राव्यतेवर उष्णतेचा परिणाम काय होतो?" असा प्रश्न घातला असतां बहुतेकांचें उत्तर ठरलेलें असतें : "पाणी तापविलें म्हणजे पदार्थ अधिक विरघळतो." हें उत्तर अगदींच खोटें नाहीं; पण तें पुरतें खरेंही नाहीं. तें कोठें उणें पडतें, हें आपण रोजच्या मिठाच्याच आधारें पाहूं.

प्रथम शब्दांचे अर्थ ध्यानीं घेऊं. जो विरघळतो तो द्राव्य, ज्यांत विरघळतो तो द्रावक, आणि दोहोंचें एकजीव मिश्रण तें द्रावण. १०० ग्रॅम पाण्यांत १० ग्रॅम मीठ विरघळविलें, तर द्रावणाचें वजन बरोबर ११० ग्रॅम भरतें. मीठ दिसेनासें झालें, नाहींसें झालें नाहीं.

मग होतें तरी काय? मिठाचा खडा सोडियम व क्लोरीन यांच्या विद्युद्भारित कणांचा, म्हणजे आयनांचा, रचलेला असतो. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित् ऋण व दुसरी किंचित् धन असते. त्यामुळें पाण्याचे रेणू ह्या आयनांना वेढून एकेक करून खड्यापासून ओढून नेतात. मात्र पाण्यांत फिरणारे कांहीं आयन पुन्हा खड्यावर येऊन बसतात. जितके सुटतात तितकेच परत बसूं लागले, कीं द्रावण संपृक्त झालें. वरून पाहणारास सारें स्थिर दिसतें. आंत देवघेव चालूच असते. ठराविक तपमानास १०० ग्रॅम पाण्यांत अशा रीतीनें जास्तींत जास्त जितके ग्रॅम पदार्थ विरघळतो, ती त्याची विद्राव्यता.

आतां आंकडे पाहा. २० अंश सेंटिग्रेडला १०० ग्रॅम पाण्यांत सोरा सुमारें ३२ ग्रॅम विरघळतो. १०० अंशांस तोच सुमारें २४६ ग्रॅम विरघळतो. मीठ २० अंशांस सुमारें ३६ ग्रॅम आणि १०० अंशांस अवघें ३९ ग्रॅम! चुन्याची तऱ्हा तर उलटीच. चुन्याची स्वच्छ निवळी उकळली तर ती गढूळ होते. कारण चुना ऊन पाण्यांत कमी विरघळतो. म्हणून सोऱ्याचें कढत संपृक्त द्रावण नुसतें निवविलें, तरी तळाशीं स्फटिकांचा ढीग जमतो. मिठाचें तसें केल्यास पदरीं फारच थोडें पडतें.

मीठ हवें असेल तर पाणीच काढून टाकलें पाहिजे. आणि आपल्या कोंकणांतील उरण, पेण व वसई या बाजूंचे आगरी लोक पिढ्यान्‌पिढ्या हेंच करीत आले. एक लिटर समुद्राच्या पाण्यांत सर्व क्षार मिळून सुमारें ३५ ग्रॅम असतात. म्हणजे तें संपृक्ततेपासून फार दूर. भरतीचें पाणी उथळ वाफ्यांत घेऊन उन्हावाऱ्यानें आटवीत आटवीत तें सुमारें दहाव्या हिश्श्यावर आणावें, तेव्हां कोठें मीठ धरूं लागतें. त्याआधींच कमी विद्राव्य असें जिप्सम बरेंचसें खालीं बसलेलें असतें. मॅग्नेशियमचे कडू क्षार अधिक विद्राव्य असल्यानें शेवटपर्यंत पाण्यांतच राहतात. म्हणून आगरी सर्व पाणी आटूं देत नाहीं. उरलेलें कडू पाणी तो सोडून देतो. प्रत्येक क्षाराची मर्यादा वेगळी, म्हणूनच एकाच पाण्यांतून ते असे वेगळे निघतात.

परंतु जी विद्राव्यता त्याला मीठ देते, तीच तें हिरावूनही नेऊं शकते. पावसाचें पाणी जवळजवळ शुद्ध, म्हणून मिठाला अगदीं भुकेलेलें. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झालें. आणि तें संपृक्त होईपर्यंत सुमारें ३६० ग्रॅम मीठ गिळूं शकतें. शंभर चौरस मीटरांवर दहा मिलिमीटरांची एकच अवकाळी सर आली, तर ३६० किलोग्रॅमपर्यंत मीठ पाण्यांत जाऊं शकेल! शाळेंत जो आंकडा आपण गुणांसाठीं पाठ करतों, त्यावर एखाद्या कुटुंबाची हंगामभराची कमाई अवलंबून असते.

घरीं एवढें करून पाहा. दोन पेल्यांत सारखें पाणी घेऊन एकांत मीठ व दुसऱ्यांत साखर चमच्याचमच्यानें, मोजून, विरघळेनाशी होईपर्यंत घाला. कोणाची मर्यादा आधीं येते तें लिहून ठेवा. मग पुढील परीक्षेंत वरील प्रश्न आला, तर उत्तर लिहिण्यापूर्वीं "कोणता पदार्थ?" हें विचारण्यास विसरूं नका. आणि पानांत मीठ वाढलें जाईल तेव्हां उन्हांत उभें राहून तें पिकविणाराचीही आठवण असूं द्या.