जामीन झाला, पण सुटका नाही
(तुरुंगातील बांधव आणि तेथे काम करणारे यांच्यासाठी उपयुक्त माहिती)



संत मत्तयच्या शुभवर्तमानातील २५ वा अध्याय आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. भुकेल्यांना अन्न, उघड्यांना वस्त्र, आजाऱ्यांची विचारपूस ही कामे आपल्या धर्मग्रामात कमी-अधिक प्रमाणात होतात. त्याच यादीत प्रभू येशूने तुरुंगातील माणसालाही स्थान दिले आहे. त्याच्यापाशी आल्यावर मात्र आपण थबकतो. 'त्याने केले, तो भोगतो आहे,' असे म्हणून पुढे जातो.

परंतु आत असलेला प्रत्येक माणूस शिक्षा भोगत असतो का? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे शंभरातील सुमारे ७६, कच्चे कैदी होते. त्यांचा खटला अजून संपलेला नव्हता. जागा होती ४,३६,२६६ जणांची. या गर्दीत असेही लोक असतात, ज्यांना न्यायालयाने जामीन दिलेला आहे. केवळ पैसे नाहीत किंवा जामीनदार नाही म्हणून ते आत आहेत.

एका गवंड्याची गोष्ट

मोती राम हा मध्य प्रदेशातील एक गरीब गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामिनावर सोडण्याचा आदेश दिला. खालच्या न्यायालयाने दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ पुढे आला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजार रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडण्यास सांगितले आणि गरिबाला न झेपणारा जामीन मागणे अन्यायाचे आहे, हे स्पष्ट केले.

या गोष्टीला जवळजवळ पन्नास वर्षे होत आली. तरीही ऐपतीचा दाखला, सातबारा, घरपट्टीची पावती यांसाठी धावणारी आई आजही कोर्टाच्या पायरीवर दिसते. फरक एवढाच की आज तिच्यासाठी काही वाटा उघडल्या आहेत. त्या तिला ठाऊक नसतात. त्या आपण समजून घेऊ या.

१. वकील मोफत मिळतो

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील किंवा तुरुंगातील व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ज तुरुंगातूनच अधीक्षकांमार्फत करता येतो. घरच्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात किंवा तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जावे. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही चौकशी करता येते. अनेक जिल्ह्यांत आता 'लोक अभिरक्षक' कार्यालये आहेत. तेथील वकील केवळ अशाच आरोपींची बाजू मांडतात.

२. जामीन होऊनही सुटका झाली नाही तर

३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याबाबत नेमके निर्देश दिले. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने अधीक्षकांमार्फत बंद्याला मिळाली पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. सचिव विधी स्वयंसेवक किंवा वकील पाठवून अडचण जाणून घेऊ शकतात. महिनाभरात जामिनाची पूर्तता झाली नाही, तर न्यायालय आपणहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते.

म्हणून जामिनाची तारीख घरच्यांनी लिहून ठेवावी. आठव्या दिवशी सचिवांच्या कार्यालयात साधा अर्ज द्यावा.

३. पैशासाठी सरकारी योजना

केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब कैद्यांना आर्थिक साहाय्य देण्याची योजना सुरू केली आणि तिच्यासाठी वर्षाला वीस कोटी रुपयांची तरतूद ठेवली. त्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजार रुपयांपर्यंत आणि दंड न भरल्यामुळे अडकलेल्या पक्क्या कैद्यासाठी पंचवीस हजार रुपयांपर्यंत मदत जिल्हा समिती मंजूर करू शकत होती. त्याहून मोठ्या रकमेचा निर्णय राज्य पातळीवर होत असे. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि तुरुंगाची जबाबदारी असलेले न्यायाधीश यांची ही समिती असते. रक्कम कैद्याच्या हाती न देता न्यायालयात जमा केली जाते. भ्रष्टाचार, काळा पैसा, अमली पदार्थ आणि दहशतवादी कृत्ये यांविषयीच्या कायद्यांखालील आरोपींना ही योजना लागू नाही. रकमा आणि नियम बदलू शकतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी सचिवांच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

४. जामीनच मिळाला नसेल तर

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ लक्षात ठेवावे. पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद आहे. इतरांसाठी ही मुदत निम्मी आहे. उदाहरणार्थ, साध्या चोरीला कमाल तीन वर्षे शिक्षा आहे. पहिल्यांदाच पकडलेल्याचा विचार एका वर्षानंतर व्हायला हवा. मुदत भरताच न्यायालयाला लेखी कळवण्याचे कर्तव्य अधीक्षकांचे आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. एकाहून अधिक गुन्हे वा खटले प्रलंबित असतील, तरीही नाही.

५. घरच्यांकडे लक्ष

कमावता माणूस आत गेला की शिक्षा घरालाही होते. मुलांची शाळा सुटू नये म्हणून राज्य शासनाच्या बालसंगोपन योजनेविषयी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करावी. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये येरवडा कारागृहात 'जिव्हाळा' ही कर्जयोजना सुरू केली. कैद्याच्या तुरुंगातील कमाईवर पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्ज देण्याची तिची कल्पना आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून बंदी आणि सुटून आलेल्यांच्या पुनर्वसनासाठी काम करीत आहे.

६. खाकी वर्दीतील आपले बांधव

तुरुंगात काम करणारे शिपाई, हवालदार आणि अधिकारी यांनाही आपण विसरतो. भिंतीच्या आत तेही दिवस काढतात. गर्दी वाढली की ताण त्यांच्यावरच येतो. त्यांच्या प्रशिक्षणासाठी येरवड्याला दौलतराव जाधव तुरुंग अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालय आहे, तर वेल्लोर येथे १९७९ पासून तुरुंग प्रशासनाची अकादमी आहे. तुरुंगांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्राने २०२१ ते २०२६ या काळाकरिता ९५० कोटी रुपयांचा प्रकल्प आखला होता. तो निधी राज्यांमार्फत सुरक्षेच्या साधनांसाठी होता. वर सांगितलेल्या बहुतेक वाटा अधीक्षकांच्या टेबलावरूनच जातात. त्यांच्याशी भांडून नव्हे, तर कागद नीट तयार करून आणि आदराने बोलून काम लवकर होते.

सावधगिरी

कोर्टाच्या आवारात भाड्याने जामीनदार मिळवून देणारे दलाल असतात. त्यांच्या नादी लागू नये. खोटी कागदपत्रे देणे हा नवा गुन्हा ठरतो. तसेच, ओळख नसताना भावनेच्या भरात कोणाला जामीन राहू नये. आरोपी तारखेला हजर राहिला नाही, तर रक्कम जामीनदाराकडून वसूल होऊ शकते.

आणखी एक गोष्ट. कैद्याविषयी कळवळा म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा विसर नव्हे. पीडित स्त्रिया व मुलांसाठी राज्यात २०१३ पासून 'मनोधैर्य' योजना आहे. तिची चौकशीही विधी सेवा प्राधिकरणाकडेच करता येते. एकाच कार्यालयाच्या दारात दोन्ही कुटुंबे उभी असू शकतात. आपल्याला दोघांच्याही बाजूला उभे राहता आले पाहिजे.

ख्रिस्तसभेचा वारसा

संत व्हिन्सेंट डी पॉल यांची १६१९ मध्ये फ्रान्समधील गलबतांवर वल्ही मारणाऱ्या कैद्यांचे मुख्य धर्मगुरू म्हणून नेमणूक झाली. भारतात १९८१ मध्ये केरळातील सेमिनरीच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या कार्यातून 'प्रिझन मिनिस्ट्री इंडिया' उभी राहिली. पोप फ्रान्सिस यांनी २६ डिसेंबर २०२४ रोजी रोमच्या रेबिब्बिया तुरुंगात पवित्र द्वार उघडले. निधनाच्या चारच दिवस आधी, १७ एप्रिल २०२५ च्या पवित्र गुरुवारी, आजारी अवस्थेतही ते रेजिना चेली तुरुंगातील कैद्यांना भेटायला गेले. पाय धुण्याचे बळ त्या दिवशी त्यांच्यात नव्हते, पण भेट त्यांनी चुकवली नाही.

आपल्यालाही फार मोठे काही करायचे नाही. एखाद्या आईबरोबर विधी सेवा कार्यालयापर्यंत जायचे, तिचा अर्ज लिहून द्यायचा आणि तारीख लक्षात ठेवायची. कित्येकदा तुरुंगाचे दार तेवढ्यानेही उघडते.

लहान ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी

१. आपल्या विभागात कोणाच्या घरातील व्यक्ती तुरुंगात आहे का? त्या घराशी आपले बोलणे-चालणे पूर्वीसारखे आहे का?

२. आपल्या समूहातील कोणी वकील, निवृत्त कारकून किंवा शिक्षक महिन्यातून एक सकाळ अर्ज लिहून देण्यासाठी देऊ शकेल का?

३. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला आपण आपल्या वाडीत, दुकानात, कारखान्यात काम देऊ का? नसल्यास, आपल्याला नेमकी कशाची भीती वाटते?