पुस्तकं आली, पण वाचनालय कधी सुरू होतं?



शाळेला कुणी पुस्तकांची खोकी भेट दिली की आपल्याला वाटतं, चला, वाचनालय झालं! पण खोकी येणं आणि मुलं वाचायला लागणं यात बरंच अंतर असतं. आफ्रिकेतल्या दोन देशांत हे अंतर कसं कापलं गेलं, ते आज पाहूया.

लेसोथो हा चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला छोटा डोंगराळ देश. तिथे सहलीला गेलेल्या क्रिस ब्रॅडशॉ या अमेरिकन बाईंना खेड्यांतल्या मुलांसाठी वाचनालयंच नाहीत हे जाणवलं. त्यातून २००५ साली 'आफ्रिकन लायब्ररी प्रोजेक्ट' सुरू झाला. पद्धत साधी आहे. अमेरिकेतली एखादी शाळा किंवा गट सुस्थितीतली सुमारे एक हजार पुस्तकं आणि ती पाठवण्याचा खर्च जमवतो. पुस्तकं जहाजाने आफ्रिकेत पोचतात आणि एका शाळेचं वाचनालय उभं राहतं.

पण यात एक अट असते. खोली, पुस्तकं ठेवायला फळ्या आणि वाचनालय सांभाळणारा माणूस, हे सगळं शाळेने आणि गावाने द्यायचं. मला ही अट सर्वांत महत्त्वाची वाटते. नुसतं दान घेणारं गाव पाहुणं राहतं, वाटा उचलणारं गाव मालक होतं.

आता दुसरी अडचण, भाषेची. लेसोथोतल्या मुलांची घरची भाषा सेसोथो. शाळेतही सुरुवातीची वर्षं सेसोथोतून आणि पुढे इंग्रजीतून शिकवण्याची पद्धत. दानात आलेली इंग्रजी पुस्तकं मोठ्या मुलांना उपयोगी पडतात. पण पहिलीतल्या लेकराला चित्रं दिसतात, गोष्ट कळत नाही.

इथिओपियाच्या योहान्नेस गेब्रेगिओर्गिस यांना ही अडचण नेमकी कळली होती. शाळेबाहेरचं पहिलं पुस्तक त्यांनी वाचलं तेव्हा ते १९ वर्षांचे होते! पुढे ते अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या वाचनालयात काम करू लागले. तिथे अम्हारिक भाषेतली मुलांची पुस्तकं त्यांना सापडेनात. मग ते मायदेशी परतले आणि २००३ साली अदिस अबाबात मुलांचं वाचनालय सुरू केलं. दानाची पुस्तकं होतीच, पण अम्हारिकमधली पुस्तकंही त्यांच्या संस्थेने छापली. पुढे तर गाढवाच्या गाडीतून फिरतं वाचनालयही निघालं.

म्हणजे बघा, वाचनालयाला तीन गोष्टी लागतात :

१) गावाचा वाटा : जागा, फळ्या, थोडे कष्ट.
२) जबाबदार माणूस : पुस्तक मुलाच्या हातात देणारा, आणि फाटलं तर न रागावणारा.
३) मुलांची भाषा : निदान काही पुस्तकं तरी घरच्या बोलीतली.

तिसऱ्या गोष्टीसाठी आता चांगली सोय आहे. 'आफ्रिकन स्टोरीबुक' या उपक्रमात आफ्रिकी भाषांतल्या गोष्टी मोफत मिळतात, छापूनही घेता येतात. त्यातल्या काही गोष्टी आपल्याकडच्या 'स्टोरीवीव्हर'वरही आहेत, आणि तिथे मराठी गोष्टीही भरपूर आहेत.

एक छोटं काम सुचवते. उद्या आपल्या शाळेतलं पुस्तकांचं कपाट उघडा. या महिन्यात त्यातली किती पुस्तकं मुलांच्या घरी गेली, ते मोजा. पालकांनो, मुलाने घरी पुस्तक आणलं तर दहा मिनिटं त्याच्याजवळ बसा. वाचता येत नसेल तरी चालेल, त्यालाच वाचून दाखवायला सांगा.

कपाटातली पुस्तकं मोजून वाचनालय ठरत नाही. हाताळून मळलेली पुस्तकं मोजा!