खोलीतला सोबती कसा असावा?

कित्येकांची मुले कॉलेजसाठी शहरात जाऊन वसतिगृहात राहतात. खोलीत सोबती कसा मिळतो, ही आईबापांस काळजी. त्याचा आम्ही येथे थोडा विचार करू.

सहाध्यायास संस्कृतात ‘सतीर्थ्य’ म्हणतात. येथे तीर्थ म्हणजे गुरू. पाणिनींनी हा शब्द सिद्ध करताना ‘एका गुरूपाशी राहणारा’ असा अर्थ धरला आहे. तेव्हा विषय निराळे असोत, मार्क कमीजास्त असोत. राहणे जमले पाहिजे.

आता राहणे म्हणजे काय? तो निजला तर दिवा आड करावा. त्याची वस्तू विचारल्यावाचून घेऊ नये. केर काढण्याची पाळी चुकवू नये. खटकले तर तोंडावर सांगावे, गावभर करू नये. ताप आला तर रात्री उठून पाणी द्यावे. दिंडीच्या राहुटीत आपण दुसरे काय करतो?

आणखी एक. सोबत्याची जात पुसू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले, तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहून एका पंक्तीत जेवीत.

म्हणून मायबापहो, मुलाची वळकटी बांधताना एवढेच सांगा : बाळा, चांगला सोबती मिळेल तेव्हा मिळेल, आधी तू त्याचा चांगला सोबती हो.