आधी नियम, मग नावं

आवडत्या चित्रपटांचा कौल घ्यायचा असेल, तर कोणता चित्रपट पात्र आणि कोणता नाही हे पहिली चिठ्ठी हातात पडण्याआधी ठरवा आणि लिहून काढा. आमच्या चित्रपटरसिक मंडळाने मराठीतल्या आवडत्या चित्रपटांचा कौल घेतला, तेव्हा मतमोजणीची वही माझ्याकडे होती. आपल्याला जिवाभावाच्या वाटणाऱ्या चित्रपटांवरून वर्षानुवर्षं एकत्र सिनेमे पाहणारी माणसं एकमेकांपासून कशी दुरावतात, ते मी त्या वहीपाशी बसून पाहिलं.

आवाहन एका ओळीचं होतं: आपले आवडते दहा मराठी चित्रपट कळवा. यात आणखी सांगण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नाही. चिठ्ठ्या यायला लागल्या आणि सुरुवातीलाच चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ आला. त्यातला लोकशाहीर मराठीत गातो, सरकारी वकीलबाईंच्या घरात मराठी बोललं जातं, पण बचावाच्या वकिलाच्या घरात गुजराती आहे आणि हिंदी-इंग्रजीही भरपूर आहे. एकाने विचारलं, हा मराठी चित्रपट धरायचा का? त्याचं उत्तर ठरतंय तोवर ताम्हाणे यांचाच ‘द डिसायपल’ आला. तो २०२० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, पटकथेचा पुरस्कार घेऊन आला आणि २०२१ मध्ये आपल्यापर्यंत पोहोचला तो नेटफ्लिक्सवरून. मग कुणीतरी नागराज मंजुळे यांचा ‘पावसाचा निबंध’ लिहिला. तो लघुपट. आणखी एका चिठ्ठीत हिंदी ‘पडोसी’ होता, मराठी ‘शेजारी’ नव्हे.

प्रत्येक शंकेवर त्या त्या संध्याकाळी जे हजर असतील त्यांनी निर्णय घेतला. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण तोवर मतांचा कल सगळ्यांना ठाऊक झाला होता. थिएटरात लागलेलाच चित्रपट धरावा, असं जे जोर लावून सांगत होते, त्यांच्या चिठ्ठीत ‘द डिसायपल’ नव्हता. भाषेची अट सैल ठेवा म्हणणाऱ्यांच्या चिठ्ठीत ‘कोर्ट’ वरच्या जागी होता. नावं समोर आल्यावर प्रामाणिक माणसालाही नियमाचा विचार आपल्या चित्रपटापासून वेगळा काढता येत नाही. तो तत्त्व मांडतो आणि ऐकणाऱ्याला त्यात फक्त त्याची आवड ऐकू येते. एकदा हा संशय बसला की कितीही शहाणा नियम केला तरी तो कुणाच्या तरी सोयीचा वाटतो.

सर्वांत जास्त अन्याय झाला तो एका ज्येष्ठ सभासदांवर. त्यांनी प्रत्येक नावापुढे दोन-दोन ओळींत कारण लिहिलं होतं. मधेच बदललेल्या नियमांमुळे त्यांची काही नावं बाद झाली आणि त्या रिकाम्या जागी दुसरी नावं द्याल का, असं त्यांना कुणी विचारलंच नाही. स्मरणिकेत यादी छापून आली तेव्हा तिच्यातल्या चित्रपटांबद्दल फारसं कुणी बोललं नाही. काय वगळलं आणि कुणी वगळलं, एवढीच चर्चा झाली. त्यानंतरच्या कौलात त्या सभासदांची चिठ्ठी आली नाही.

म्हणून नियम करताना नेमका कशाचा विचार करायचा, ते सांगते.

सर्वांत आधी, कौल कुणासाठी आहे ते ठरवा. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत दरवर्षी २५ चित्रपट घेतले जातात आणि चित्रपट किमान दहा वर्षं जुना असावा लागतो. वारसा जपायचा म्हणून ती अट योग्य आहे. रसिकांच्या कौलाला ती लावू नये. एखाद्या मुलीला मागच्या वर्षी पाहिलेल्या चित्रपटाने हलवून सोडलं असेल, तर तिला दहा वर्षं थांब म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही. फक्त चित्रपटाच्या प्रदर्शनाची शेवटची तारीख आवाहनाच्या आधीची ठेवा. मतदान चालू असताना लागलेला चित्रपट त्या आठवड्याच्या उत्साहावर मतं घेऊन जातो.

भाषेचा प्रश्न मराठीत कायम येणार, कारण आपला बोलपटच दोन भाषांत जन्मला. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हिंदीतही झाला. प्रभातने १९३७ मध्ये ‘कुंकू’ केला, त्याचा हिंदी ‘दुनिया न माने’. १९३९ चा ‘माणूस’, हिंदीत ‘आदमी’. १९४१ चा ‘शेजारी’, हिंदीत ‘पडोसी’. पुढे जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ हिंदीत ‘सुबह’ झाला. ही डबिंग केलेली रूपं नव्हेत. ‘शेजारी’त गजानन जागीरदारांच्या मिर्झासमोर केशवराव दाते आहेत, ‘पडोसी’त त्यांच्या जागी मजहर खान. म्हणजे ज्याला ‘पडोसी’ आवडतो त्याला दात्यांचं काम आवडतं असं आपण परस्पर धरू शकत नाही. माझा आग्रह असा की मराठी कौलात हिंदी रूपाचं नाव आलं तर ते गुपचूप मराठी नावाखाली मोजू नये आणि बादही करू नये. मतदाराला विचारावं: तुम्ही मराठी पाहिलाय का, तो धरू का? एक फोन पुरतो.

‘कोर्ट’सारख्या चित्रपटांसाठी टक्केवारी काढत बसू नका. किती मिनिटं मराठी आणि किती हिंदी हे घड्याळ लावून मोजणारे लोक मी पाहिले आहेत. त्यातून चित्रपटाबद्दल काहीच कळत नाही. मुंबईतल्या खालच्या कोर्टाची गोष्ट एकाच भाषेत सांगितली असती तर ती खोटी झाली असती. अशा वेळी दार उघडं ठेवावं. ज्यांना तो मराठी वाटत नाही ते त्याला मत देणार नाहीत, आणि चाळणी म्हणून तेवढं पुरतं. पात्रतेची अट जितकी कडक, तितकी समितीची आवड मतदारांच्या आवडीवर बसते.

वर्षाचा घोळ त्याहून अवघड, विशेषतः कौल दशकावार असेल तर. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ला २००८ सालासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २००९ मध्ये तो भारतातर्फे ऑस्करला गेला आणि थिएटरात लागला जानेवारी २०१० मध्ये. मग तो कोणत्या दशकातला? ‘श्वास’ला सुवर्णकमळ २००३ सालासाठीचं, पण आपण तो पाहिला २००४ मध्ये. ‘किल्ला’ बर्लिनला फेब्रुवारी २०१४ मध्ये गेला, इथे लागला जून २०१५ मध्ये. यात चूक कुणाचीच नाही. राष्ट्रीय पुरस्कार सेन्सॉर प्रमाणपत्राची तारीख धरतात, महोत्सव पहिला खेळ धरतात आणि प्रेक्षक तिकीट काढलं तो दिवस. ऑस्करचे नियम पूर्वी लॉस एंजेलिसमध्ये चित्रपट कधी लागला ते पाहत. त्यामुळेच चॅप्लिनच्या १९५२ च्या ‘लाइमलाइट’ला संगीताचं ऑस्कर १९७३ मध्ये मिळालं, कारण तिथे तो १९७२ पर्यंत लागलाच नव्हता.

यातला कोणताही एक निकष चालेल, पण एकच हवा. रसिकांचा कौल असेल तर मी म्हणेन, सर्वसाधारण प्रेक्षकाला तो पहिल्यांदा पाहता आला ती तारीख धरा, मग थिएटरात असो, टीव्हीवर असो की ओटीटीवर. महोत्सवाचा पास सगळ्यांना मिळत नाही. थिएटरची सक्ती केली तर ‘द डिसायपल’ बाहेर राहतो, आणि ज्या गावात थिएटरच उरलेलं नाही तिथला प्रेक्षकही त्याच्याबरोबर बाहेर राहतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तालुक्याच्या गावात राहणारी माणसं आज बरेचसे चांगले मराठी चित्रपट मोबाइलवरच पाहतात. त्यांच्या पाहण्याला कमी लेखणारा नियम कौलातून त्यांनाच काढून टाकतो.

लांबीचं लवकर आटपते. ऑस्कर ४० मिनिटांपर्यंतच्या चित्रपटाला लघुपट म्हणतं. तीच रेघ घ्या आणि मतं पुरेशी येणार असतील तर लघुपटांची यादी वेगळी करा. मालिकांना मात्र सुरुवातीलाच स्पष्ट हो किंवा नाही म्हणा. ‘ओ. जे. : मेड इन अमेरिका’ हा सात तासांहून मोठा, भागाभागांचा माहितीपट २०१७ मध्ये ऑस्कर घेऊन गेला, आणि त्यानंतर अकादमीने अशा अनेक भागांच्या कृतींना त्या विभागाचं दार बंद केलं. पण ज्याला पुरस्कार मिळाला त्याचा परत घेतला नाही. नियम पुढच्या वेळेसाठी बदलला, मागच्यासाठी नाही. आमच्या मंडळात नेमकं याच्या उलट झालं होतं.

आता जोड-चित्रपटांबद्दल, कारण मोजणीत सर्वांत मोठा फरक इथे पडतो आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. ब्रिटनचं ‘साइट अँड साउंड’ मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरातल्या समीक्षकांकडून प्रत्येकी दहा नावं मागवतं. २००२ मध्ये ‘द गॉडफादर’ आणि त्याचा दुसरा भाग ही एकच निवड धरायला परवानगी होती. दोन्ही मिळून चौथ्या क्रमांकावर आले. २०१२ मध्ये दोन्ही वेगवेगळे मोजायचं ठरलं. पहिला भाग २१व्या क्रमांकावर गेला, दुसरा ३१व्या. दहा वर्षांत त्या चित्रपटांवरचं प्रेम आटलं म्हणून एवढी घसरण झाली, असं कुणी म्हणेल का? मोजण्याची रीत बदलली होती.

तेव्हा पहिला आणि दुसरा भाग एक की दोन, हे आवाहनातच लिहा. माझं मत वेगवेगळं मोजण्याकडे आहे. मतदाराने दोन जागा खर्च करायची तयारी दाखवली तर त्याच्या प्रेमाची खोली कळते. एकत्र धरायचं असेल तरी हरकत नाही, पण मग ‘मुंबई-पुणे-मुंबई’लाही तोच न्याय लावा.

एका दिग्दर्शकाचा एकच चित्रपट, ही अट पुष्कळ जण सुचवतात. विविधता येते, हे खरं. पण जब्बार पटेल यांचे ‘सामना’, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’ आणि ‘उंबरठा’ चारही आवडणाऱ्या माणसांना एकच निवडायला लावलं, तर एक याला देतो, दुसरा त्याला, आणि चारपैकी एकही वर येत नाही. ज्याने सर्वांत जास्त चांगलं काम केलं त्यालाच या अटीची झळ लागते. ती मला मान्य नाही.

आता कामाची रीत. नियम लिहायला तिघे-चौघे पुरतात. त्यांच्यापैकी कुणाचाही स्वतःचा, घरातल्यांचा किंवा गुंतवणूक असलेला चित्रपट स्पर्धेत नसावा. नियम लिहिताना कोणत्याही चित्रपटाचं नाव घेऊ नका. पण लिहून झाल्यावर तो खडतर नावांवर घासून पाहा: ‘कोर्ट’, ‘द डिसायपल’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, ‘पडोसी’, ‘पावसाचा निबंध’, आणि मुद्दाम १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’, कारण मूकपटाला भाषेची अट कशी लावणार? प्रत्येकाला हो किंवा नाही असं उत्तर मिळतं का, ते पाहा. मिळत नसेल तर नियम अर्धा आहे. ही परीक्षा मतं येण्याआधी घेतलीत तर कुणी कुणाचा वकील नसतो.

मग तो कागद आवाहनासोबत सर्वांना द्या आणि गोठवा. तरीही न सुचलेली एखादी शंका येणारच. ती सोडवायचा अधिकार एकाच व्यक्तीला द्या, आणि त्या व्यक्तीला मोजणीचे आकडे दिसता कामा नयेत. तिचा निर्णय सगळ्या मतदारांना एकाच वेळी कळवा. नियमात कुठेच उत्तर नसेल तर चित्रपट आत घ्यावा, हेही त्याच कागदावर लिहून ठेवा. ज्याचं नाव बाद होईल त्याला ते कारणासह कळवा आणि बदली नाव द्यायला मुदत द्या. आमच्या त्या ज्येष्ठ सभासदांना एवढं जरी मिळालं असतं तरी ते आमच्यासोबत राहिले असते, असं मला आजही वाटतं.

निकाल छापताना नियमांचा कागद यादीच्याच पानावर घ्या, मागच्या परिशिष्टात नको. बाद झालेली नावं आणि त्यांना पडलेली मतंही द्या, म्हणजे एखादी अट नसती तर काय झालं असतं ते वाचणाऱ्याला स्वतः पाहता येईल. आणि चिठ्ठ्या जपून ठेवा. पुढच्या समितीने नियम बदलले, तर जुन्या चिठ्ठ्या नव्या नियमाने पुन्हा मोजता येतात आणि क्रमांक आवडीमुळे हलला की अटीमुळे, हे वेगळं काढता येतं. आमच्या मंडळाने हे आता सुरू केलं आहे. जुनी वही आणि चिठ्ठ्यांचं पाकीट कपाटात एकत्र ठेवलेलं आहे, आणि येत्या कौलाची समिती त्यांची पुन्हा मोजणी करूनच नवं आवाहन काढणार आहे.