शाळेच्या कार्यालयासाठी संगणक निवडताना : स्वस्त, पण भरवशाचा



आजचा पाठ वर्गातला नाही, कार्यालयातला आहे. 'सर, ऑफिसला कॉम्प्युटर घ्यायचाय, कुठला घेऊ?' हा प्रश्न मला दर वर्षी मार्च महिन्यात कोणी ना कोणी विचारतं. खर्च ३१ मार्चच्या आत दाखवायचा असतो, घाई असते आणि या घाईतच फसगत होते. आमचीही झाली. म्हणून आधी आमची चूक सांगतो, मग पाठ.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेचा जुना संगणक बंद पडला. हाताशी जेमतेम वीस हजार रुपये होते. दुकानदार म्हणाला, 'सर, आय-७ देतो, एकदम रॉकेट!' आम्ही 'आय-७' ऐकलं आणि खूश होऊन आलो. यंत्र वापरलेलं होतं हे ठाऊक होतं. पण ते किती जुनं आहे हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. पुढे कळलं, की त्यातला प्रोसेसर २०११ सालचा, रॅम ४ जीबी आणि हार्ड डिस्क जुनीच.

सकाळी चालू करून चहा घेऊन यावं, तेव्हा कुठे पडदा दिसायचा. पगार बिलाच्या दिवशी आमचे लिपिक भाऊसाहेब रात्री आठपर्यंत बसायचे. दीड वर्षाने, जून महिन्यात, ऐन प्रवेशाच्या गर्दीत हार्ड डिस्क गेली. जनरल रजिस्टरची संगणकातली सगळी नोंद गेली. कागदी रजिस्टर होतं म्हणून वाचलो. पण सगळं पुन्हा टाइप करायला कित्येक आठवडे लागले. त्या काळात एका मुलीची आई शाळा सोडल्याचा दाखला न्यायला तीन वेळा आली. ती शेतमजुरी करणारी. तीन हेलपाटे म्हणजे तिचे तीन दिवसांचे रोज बुडाले. तिने तक्रार केली नाही. पण आमची मान खाली गेली.

तेव्हा लक्षात आलं, की शाळेचा संगणक 'फास्ट' असण्यापेक्षा रोज सकाळी निमूटपणे चालू होणारा हवा.

पायरी पहिली : आधी कामाची यादी

दुकानात जाण्याआधी कोरा कागद घ्या आणि कार्यालयात खरोखर काय काय होतं ते लिहा. आमची यादी अशी झाली : मराठी पत्रव्यवहार, दाखले व बोनाफाईड, एक्सेलमधले तक्ते, शालार्थवर पगाराचं काम, यु-डायस प्लसवरची माहिती, पीडीएफ, स्कॅनिंग, प्रिंट आणि अधूनमधून ऑनलाइन बैठक.

या यादीत वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल असं एकही काम नाही. गेमिंगचा रंगीत दिव्यांचा डबा तर अजिबात नको. पण एक गोष्ट मात्र आहे. ब्राउझरच्या आठ-दहा खिडक्या, एक्सेल आणि पीडीएफ हे सगळं एकाच वेळी उघडं असतं. संगणकावर खरा ताण येतो तो इथे.

पायरी दुसरी : लिपिक, टेबल आणि कपाट

वर्गात मी हे असं शिकवतो. प्रोसेसर म्हणजे काम करणारा लिपिक. रॅम म्हणजे त्याच्या समोरचं टेबल. हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे मागचं कपाट. लिपिक कितीही हुशार असला, तरी टेबल वीतभर असेल तर फायली सारख्या कपाटात ठेवाव्या-काढाव्या लागतात. आणि कपाटाचं दारच कुरकुरत उघडत असेल तर विचारायलाच नको! आमच्या 'रॉकेट'चं नेमकं हेच झालं होतं.

प्रोसेसर : नुसतं 'आय-३', 'आय-५', 'आय-७' ऐकून काहीच कळत नाही. पुढचा आकडा विचारा. इंटेलच्या आय-७ २६०० मधला पहिला २ म्हणजे दुसरी पिढी. आय-३ १२१०० मधले १२ म्हणजे बारावी पिढी. दहा पिढ्या पुढचा हा 'लहान' आय-३ त्या 'मोठ्या' आय-७ ला सहज मागे टाकतो, आणि वीजही जपून वापरतो. कार्यालयासाठी अलीकडच्या पिढीचा आय-३ किंवा एएमडीचा रायझन ३ पुरेसा आहे. आणखी एक खूण : इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या आकड्याशेवटी 'एफ' अक्षर असेल, तर त्यात चित्र दाखवणारा भाग नसतो आणि वेगळं कार्ड घ्यावं लागतं. आपल्याला तो नको.

रॅम : ८ जीबीपेक्षा कमी घेऊ नका. पैसे असतील तर १६. दुकानदाराला एवढंच विचारा, 'रॅमची एक जागा रिकामी आहे का?' असेल तर पुढे वाढवता येते. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये रॅम पाटीवरच डकवलेली असते, ती कधीच वाढत नाही.

कपाट : इथे एसएसडीच हवी. हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते आणि एक बारीक सुई माहिती शोधत पुढे-मागे सरकते. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. मोठी फाइल सलग वाचताना हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी देते, साधी साटा एसएसडी ५०० च्या आसपास. पण खरा फरक जाणवतो तो हजारो बारीक फायली उघडताना, कारण सुईची धावपळच नसते. कार्यालयाला २५६ जीबी भागते, ५१२ असेल तर निश्चिंत. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये 'ईएमएमसी' नावाची साठवण असते, ती एसएसडीपेक्षा बरीच मंद असते. 'एसएसडीसारखीच आहे' असं कोणी म्हटलं तरी घेऊ नका.

पायरी तिसरी : विंडोजची अट

विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. म्हणजे यंत्र बंद पडत नाही. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या पूर्वीसारख्या मिळत नाहीत. ज्या संगणकावर विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक आणि शिक्षकांची बँक खाती आहेत, तो असा उघडा ठेवणं बरं नव्हे.

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. प्रोसेसर ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा हवा. म्हणून वापरलेला संगणक घेणार असाल, तर आठवी पिढी ही तुमची लक्ष्मणरेषा समजा. त्याहून जुना फुकट दिला तरी आधी विचार करा.

वापरलेलं घेणं वाईट नाही बरं का! मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले डेस्कटॉप मजबूत असतात. फक्त एसएसडी नवी टाकून घ्या आणि निदान सहा महिन्यांची वॉरंटी लेखी मागा.

विंडोज अधिकृत आहे का, हे दुकानातच पाहा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात अ‍ॅक्टिव्हेशन असं उघडलं की कळतं. बिलावरही परवान्याची नोंद हवी. परवान्याला पैसे नसतील तर चोरीच्या प्रतीऐवजी लिनक्स आणि लिबरऑफिस हा मोफत, सरळ मार्ग आहे. पण आधी तपासा : तुमचा प्रिंटर, स्कॅनर आणि मुख्याध्यापकांच्या डिजिटल सहीचं टोकन त्यावर चालतं का? नाही चाललं तर पगाराच्या दिवशी पंचाईत होईल.

पायरी चौथी : डेस्कटॉप की लॅपटॉप?

एका जागी बसून होणाऱ्या कामाला डेस्कटॉप बरा. त्याच पैशात जास्त मिळतं, मान अवघडत नाही, कीबोर्ड खराब झाला तर नवा जोडता येतो आणि तालुक्याच्या गावी दुरुस्तही होतो. ऑल-इन-वन दिसायला देखणा. पण त्याचा पडदा गेला की सगळंच अडकतं. मिनी पीसी हा मधला पर्याय आहे. जागा कमी, वीज कमी.

विजेचा हिशेब मुलांनाही घालून बघा. काम करताना डेस्कटॉपचा डबा ६० वॅट आणि मिनी पीसी २० वॅट घेतो असं धरू. दिवसाला ७ तास म्हणजे एकाचे ०.४२ युनिट, दुसऱ्याचे ०.१४. फरक ०.२८ युनिट. वर्षात २५० दिवस काम धरलं तर ७० युनिट वाचतात. फार नाही, पण शाळेच्या वीजबिलात तेवढंच.

लाईट वारंवार जाणाऱ्या गावात लॅपटॉपची बॅटरी कामी येते, हे खरं. डेस्कटॉप घेतलात तर यूपीएस हवाच. साधा ६०० व्हीएचा यूपीएस पुरेसा. पण तो तासभर काम करायला नाही, फाइल जतन करून नीट बंद करायला आहे. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका. गरम होताना तो एकदम जास्त वीज खेचतो आणि यूपीएस कोलमडतो. आणि खरेदीआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. डब्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर दोष संगणकाचा नसून बहुधा अर्थिंगचा असतो.

पायरी पाचवी : मराठीची चाचणी

विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आयता मिळतो, वेगळे पैसे लागत नाहीत. यातलं मराठी युनिकोडमध्ये असतं, म्हणून ते संकेतस्थळावर, ईमेलमध्ये, मोबाइलवर सगळीकडे तसंच दिसतं. जुन्या फाँटमधल्या फायली मात्र नव्या यंत्रावर तो फाँट नसेल तर चिन्हांचा चिवडा होऊन बसतात. जुना संगणक मोडीत काढण्याआधी त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या.

पायरी सहावी : कोटेशन आणि दुकानातला एक तास

तीन दुकानांतून लेखी दरपत्रक घ्या. भाव सारखे बदलतात, म्हणून माझ्या सांगण्यावर जाऊ नका. पण तिघांना एकच कागद द्या. त्यावर इतकं लिहा :

१. प्रोसेसरचा पूर्ण आकडा
२. रॅम किती, रिकामी जागा आहे का
३. एसएसडीची कंपनी आणि क्षमता
४. विंडोजचा परवाना
५. वॉरंटी किती वर्षं. माणूस शाळेत येणार की डबा उचलून न्यायचा
६. जीएसटीसह एकूण किंमत

पाचवा मुद्दा खेड्यातल्या शाळेने विसरूच नये. हजार रुपये स्वस्त घेतलेला संगणक दोनदा जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावा लागला, की ते हजार रुपये एसटी आणि रजेतच जातात.

घेताना दुकानात एक तास बसा. भाऊसाहेबांना सोबत न्या, कारण रोज वापरणार ते आहेत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात प्रोसेसरचं नाव, रॅम आणि डिस्क दिसते. कोटेशनशी ताडून पाहा. मग दहा खिडक्या उघडा, मराठीत चार ओळी टाइप करा, एक पान छापा. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

पैसे कमी पडले तर?

तर पडदा लहान घ्या, प्रोसेसर एक पायरी खाली घ्या, देखणा कीबोर्ड-माऊस सोडा. पण एसएसडी, ८ जीबी रॅम आणि यूपीएस यांना कात्री लावू नका. जुना संगणक आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल, तर नवा न घेता त्यातच एसएसडी आणि रॅम टाका. कमी पैशात तो नव्यासारखा पळेल.

आणि शेवटी बॅकअप. एसएसडीसुद्धा एक दिवस जातेच, आणि बहुतेक वेळा न सांगता जाते. दर शनिवारी रजिस्टरची आणि दाखल्यांची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या, ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. तो सतत जोडून ठेवला तर व्हायरस दोन्हींना एकदमच गाठतो. आमचे भाऊसाहेब आता शनिवारची शाळा सुटली की हे काम करूनच कुलूप लावतात.

पालकांनो, मुलांसाठी घरी संगणक घेतानाही हीच फूटपट्टी लावा. 'आय-७' या शब्दावर भाळू नका, पुढचा आकडा विचारा.

स्वाध्याय

१. तुमच्या कार्यालयातल्या संगणकाचा प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे? टास्क मॅनेजर उघडून लिहा.
२. बटण दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत किती मिनिटं लागतात? घड्याळ लावून मोजा.
३. शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेला घेतला? आठवत नसेल तर आजच घ्या.
४. वरची सहा मुद्द्यांची यादी वहीत उतरवून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा. मार्च येण्याआधी!

खिडकीशी दाखल्यासाठी उभ्या असलेल्या माणसाला संगणकाची कंपनी कोणती, पिढी कुठली याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला दाखला आज हवा असतो. तेवढं जमलं म्हणजे आपली निवड बरोबर झाली.