मॅक्ग्रेगर हें आडनांव

स्कॉटलंडाच्या डोंगराळ मुलखांतील गेलिक भाषेंत 'मॅक' म्हणजे पुत्र. बार्तीमय, म्हणजे तीमयाचा पुत्र, हें नांव आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्यांतील 'बार' शब्दासारखाच हा 'मॅक' होय. मॅक्ग्रेगर म्हणजे ग्रेगराचा पुत्र. ग्रेगर हें मूळचें ग्रीक नांव. त्याचा अर्थ 'जागृत'.

हें कूळ ग्लेन ऑर्की व आसपासच्या खोऱ्यांत राहत असे. १६०३ च्या फेब्रुवारींत ग्लेन फ्रुइन येथें त्यांनीं कहून कुळाच्या पुष्कळ लोकांस ठार केलें. तेव्हां एप्रिलांत राजाच्या मंत्रिमंडळानें हें नांवच रद्द केलें. तें लावील त्यास देहान्त शासन! पुढें १६३३ च्या कायद्यानें पाळकांनीं बाप्तिस्म्याच्या वेळीं मुलाचें नांव ग्रेगर ठेवूं नये असेंही ठरलें. अपराध बापांचा आणि दंड पाळण्यांतल्या लेकरास, हा न्याय आम्हांस पटत नाहीं.

कित्येकांनीं कॅम्बेल, मरे, ड्रमंड अशीं नांवें घेतलीं. प्रसिद्ध रॉब रॉय हाही आईकडील कॅम्बेल हें नांव लावी. ही बंदी १६६१ त उठली, १६९३ त पुन्हां आली, व १७७४ त कायमची गेली. तोंवर पुष्कळ घरांत घेतलेलें नांवच रुळलें होतें. आज मॅक्ग्रेगर कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथेंही आढळतात. आणि मरे किंवा ड्रमंड म्हणविणाऱ्यांतही कांहीं मूळचे ह्याच कुळांतले आहेत.