उंदराच्या रक्तांतील सोबती

गोसीखुर्दकडील धानाच्या बांधींत जोडीवांचून सुटलेला बैल काय नासाडी करितो, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावें लागत नाहीं. रक्तांतही असेंच घडतें. हिमोग्लोबिन हें दोन आल्फा व दोन बीटा अशा चार प्रथिनसाखळ्यांचें बनतें. एकटी आल्फा साखळी फार अस्थिर. तिची घडी बिघडून गुठळ्या होतात व तांबडी पेशी अकालीं नष्ट होते. बीटा भेटेपर्यंत तिला धरून ठेवणारें, जणूं दाव्याचेंच काम करणारें, एक प्रथिन आहे; त्याचें हें कार्य अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं २००२ सालीं उघड केलें. उंदरांतून त्याचें जनुक काढून टाकतांच त्यांच्या तांबड्या पेशींत गुठळ्या दिसल्या व पेशींचें आयुष्य घटलें. थॅलेसेमियानें पीडित उंदरांत, जेथें बीटा मुळांतच कमी, तेथें तर पांडुरोग अधिकच बळावला.

आमच्या विदर्भांत आढळणाऱ्या सिकलसेलमध्यें मात्र जोडी जुळते. दोष असतो बीटा साखळीच्या सहाव्या जागीं. तेथें ग्लुटामिक आम्लाऐवजीं व्हॅलिन येतें. (केवढा लहान फरक!) प्राणवायु सुटतांच असलीं हिमोग्लोबिनें परस्परांस चिकटून त्यांचे तंतू होतात आणि पेशी विळ्यासारखी वांकते. असें जनुक आई व बाप दोघांकडून आलें म्हणजे मूल आजारी पडतें. तरी बोल लागतो तो बहुधा आईस. तेव्हां आम्ही फळ्यावर दोन्ही घरांचा हिशेब मांडतों.